यमुनाबाईंचा ठराव

परवा आमच्या इमारतीतले दोन गृहस्थ ज्येष्ठ नागरिक संघाचा फॉर्म घेऊन आले. अगदी गोड बोलत होते. सहली आहेत, योगासनं आहेत, कोजागिरीला दूध आहे, वाढदिवसाला गुलाबाचं फूल आहे. “काकू, आता तुम्ही फक्त आराम करायचा,” त्यातला एक म्हणाला आणि माझं डोकं तापायला लागलं. मी चहा ठेवता ठेवता विचारलं, “तुमच्या संघात सभासदाला ठराव मांडता येतो का हो?” दोघं एकमेकांकडे बघायला लागले. “कसला ठराव, काकू?” मी म्हटलं, “कसलाही.” त्यांना वाटलं असणार, म्हातारीचं काहीतरी बिनसलंय. मीही समजावत बसले नाही. त्यांना यमुनाबाई कुठे माहीत?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही गिरगावात चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायचो आणि यमुनाबाई समोरच्या खोलीत. मी तेव्हा नुकतीच पोस्टात लागले होते, आणि बाई नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. शाळा गिरगावातली नव्हे, डिलाईल रोडची. तिथे त्यांनी सगळी हयात गिरणी कामगारांची मुलं शिकवली. घरात त्यांचा भाचा वसंता आणि त्याची बायको नलू. खोली बाईंच्या नावावर होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण वसंताच्या वागण्यातून ते कधी कळलं नसतं.

बाई बुटक्या, काटक, नाकाने धारदार. केसांचा आंबाडा इतका घट्ट की भुवया थोड्या वर ओढल्यासारख्या दिसायच्या. हातात बारा महिने काळी छत्री. छत्रीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घालायची तेव्हा पद्धतच होती. नाहीतर पावसाळ्यात देवळाच्या दारातून छत्र्या बदलून जायच्या. लोक दोन अक्षरं घालत. बाईंनी आपलं अख्खं नाव घातलं होतं, आणि तेही फळ्यावर लिहावं तसं ठळक. छत्री पावसात उघडत असत की नाही मला शंका आहे. ती रस्ता ओलांडताना गाड्या थांबवायला, जिन्यावर पोरं लोळत असतील तर आपटायला आणि बोलताना समोरच्याकडे रोखायला असे.

त्यांचं एक वाक्य आमच्या चाळीत सगळ्यांना पाठ होतं. “उभं राहून बोल.” वर्गातली सवय, पण त्यांनी ती जगाला लावली होती. त्या म्हणायच्या, बसून माणूस सारवासारव करतो, उभा राहिला की निम्मं खोटं गळून पडतं. एकदा रेशनच्या दुकानात तांदळात खडे निघाले. दुकानदार गादीवर रेलून “वरूनच असा माल येतो बाई” असं म्हणाला. बाईंनी छत्री आपटली. “उठ आधी. उभा राहा आणि मग सांग.” तो माणूस खरोखरच उठला! मागे अख्खी रांग बघत होती. उभा राहिल्यावर त्याला काय झालं कोण जाणे, त्याने मुकाट्याने आतलं पोतं फोडलं. आम्ही त्या दिवशी स्वच्छ तांदळाचा भात खाल्ला.

अशा बाईला शाळेने कसा निरोप दिला ते ऐका. शाल दिली, नारळ दिला, भाषणं केली, फोटो काढला. कुणीतरी म्हणालं, शाळेचे दरवाजे बाईंना सदैव उघडे आहेत. बाईंना ते खरं वाटलं. दुसऱ्याच आठवड्यात कच्च्या मुलांना फुकट शिकवायचं म्हणून त्या गेल्या, तर दाराशी शिपायाने अडवलं. आत विचारून आला आणि म्हणाला, “बाई, साहेब म्हणतात, आता तुम्ही आराम करा.” त्या दिवशी घरी येऊन त्यांनी सत्काराचा नारळ फोडला आणि आमच्या मजल्यावर घरोघरी सोलकढी वाटली. शाल नलूच्या शिवणाच्या मशीनवर घातली. आराम हा शब्द त्या दिवसापासून त्यांच्यासमोर कुणी काढायचा नाही.

आणि वसंताने नेमका तोच काढला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका दुमजली घराच्या माडीवर निवृत्त मंडळींचं एक मंडळ होतं. नाव वानप्रस्थ मंडळ. अध्यक्ष होते रावसाहेब. सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर चढलेले, इंग्रज गेला तरी पदवी सोडायला तयार नव्हते. तिथे पंखा होता, वर्तमानपत्रं येत, दुपारी चहा मिळे. नलूने घरी शिवणाचा क्लास काढला होता, आणि दुपारी बाई खोलीत असल्या की मुली शिवणापेक्षा बाईंच्या प्रश्नांनाच घाबरत. वसंता रोज सुरू करायचा, “आत्या, जा ना मंडळात. तुझ्या वयाची माणसं असतात.”

“वानप्रस्थ!” बाई म्हणायच्या. “गिरगावात वन कुठे दिसलं रे तुला? मला खोलीतून काढायचंय ना, तर तसं उभं राहून बोल.”

पण मला माहीत होतं, बाईंना जायचं होतं. दुपारी त्या गॅलरीत येऊन उभ्या राहत आणि त्या माडीकडे बघत. कुणाशी तरी वाद घालायला मिळावा, कुणीतरी “नाही, तुमचं चुकतंय” म्हणावं, याची त्यांना भूक होती. आणि गेलो तर आपण अडगळीत जाऊन बसलो असं होईल, याची धास्ती. म्हणून एक दिवस “नुसतं बघून येते” असं म्हणून मला बरोबर घेऊन गेल्या.

वर गेल्यावर पहिली दिसली ती पाटी. “येथे राजकारणावर बोलण्यास मनाई आहे.” बाहेर सगळी मुंबई पेटलेली, भिंतीभिंतीवर घोषणा, चाळीचाळीतून मोर्च्याला माणसं निघालेली, आणि आत चर्चा कसली, तर इसबगोल गरम पाण्यात घ्यावा की गार. घराचे मालक पडले सत्तेतल्यांच्या बाजूचे, त्यांना चालणार नाही, म्हणून ही मनाई. रावसाहेब खुर्चीतून न उठताच म्हणाले, “या, या. आमच्याकडे महिला सभासद नव्हत्याच. तुम्ही पहिल्या. स्त्रियांसाठी ही आतली खोली ठेवलीय. देवळाच्या वाती वळायचं काम आहे, वेळ छान जातो.”

बाईंनी आतली खोली पाहिली. खिडकी नव्हती. “आणि इथे बाहेर काय करता?”

“वाचन, चिंतन. महिन्याची सभा असते. आमचे दुखवट्याचे ठराव तुम्ही एकदा ऐकाच. नमुना मी स्वतः तयार केलाय.”

ते अगदी खरं होतं. त्या मंडळाचं मुख्य काम दुखवटा. वयच तसं सगळ्यांचं, म्हणून दर सभेला कुणी ना कुणी असेच. ठराव वाचायचा, दोन मिनिटं उभं राहायचं आणि चहा प्यायचा. अण्णा नावाचे एक ठार बहिरे गृहस्थ होते. त्यांना काही ऐकू येत नसे, पण कुणी कागद घेऊन उभं राहिलं की ते सवयीने हात जोडून उठत. एकदा म्हणे हिशोब वाचताना उठले होते.

“आम्ही तुमचं नाव घालू का मग?” रावसाहेबांनी विचारलं.

“विचार करते,” बाई म्हणाल्या. जिना उतरताना छत्री प्रत्येक पायरीवर आपटत होती.

विचार बरेच महिने चालला. वसंता रोज विचारी, रावसाहेब भेटेल त्याला “बाई येताहेत आमच्यात” असं सांगत सुटले होते, आणि बाई हो म्हणेनात, नाही म्हणेनात. अशातच गोळीबाराचे दिवस आले.

ते दिवस कसे होते ते मी नव्याने काय सांगू! ट्राम बंद, दुकानं बंद, हवेत अश्रुधूर. त्यातल्या एका सकाळी बाईंचं आणि वसंताचं कडाक्याचं वाजलं. विषय तोच. शेवटी वसंता ओरडला, “जाऊन बस एकदाची त्या मंडळात, आम्हाला श्वास घेऊ दे!” मला भिंतीतून ऐकू आलं. बाईंनी छत्री उचलली आणि कुणाला काही न सांगता निघून गेल्या. खाली चाळीच्या दाराशी त्यांना कोण भेटलं हे आम्हाला नंतर कळलं. डिलाईल रोडचा एक कामगार निरोप घेऊन आला होता: सदाला गोळी लागली.

सदा त्यांचा विद्यार्थी. गिरणीत कापड विणायच्या साच्यावर काम करायचा. दर दिवाळीला बाईंच्या पाया पडायला यायचा आणि बाई त्याला आमच्या गॅलरीत उभं करून पाढे म्हणायला लावायच्या. तोही मिशी फुटलेला बाप्या हसत हसत म्हणायचा. बाई त्या कामगाराबरोबर चालतच निघाल्या. वाटेत नाक्यावर गर्दीत अश्रुधूर सुटला, पळापळ झाली, छत्री हातातून गेली. तशाच गल्लीबोळांतून डिलाईल रोडला पोचल्या. सदा गेला होता. त्याची आई जनाबाई त्यांच्या पायांना मिठी मारून म्हणाली, “बाई, माका सोडून जाव नकात.” मग संचारबंदी लागली. बाई तिच्याजवळ राहिल्या.

इकडे छत्री कुणीतरी उचलून आणली. अख्खं नाव लिहिलेलं, त्यामुळे घर शोधायला वेळ लागला नाही. छत्रीच्या काड्या मोडल्या होत्या आणि कापडावर रक्तासारखे डाग होते. सगळ्यांनी धरून चाललं, बाईंना गोळी लागली. वसंता संचारबंदीतून वाट काढत एका इस्पितळात जाऊन आला. तिथे बाई नव्हत्या. तेव्हा रावसाहेबांनी त्याला समजावलं, बेवारशी समजून पोलिसांनी परस्पर उरकलं असेल. झालं. शोध घ्यायची गरज संपली. माणूस सापडत नाही म्हणजे मेलाच असा यांचा हिशोब. संचारबंदी उठल्याबरोबर दुपारी मंडळात शोकसभा ठरवून मोकळे झाले! मला बोलवायला आले तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, “आधी शोधा, मग रडा. मी येणार नाही.” आजही तो प्रसंग आठवला की माझ्या कपाळाची शीर उडते.

मी एकटीच दाराशी बसले होते. सगळा मजला सभेला गेलेला. आणि जिन्यावर पावलं वाजली. बाई! साडी चुरगळलेली, आंबाडा सुटलेला, डोळे लाल. मी किंचाळायचीच बाकी राहिले.

“वसंता कुठेय?” त्यांनी विचारलं. “दाराला कुलूप का?”

“तुमच्या शोकसभेला गेलाय,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मी छत्रीपासूनचं सगळं सांगितलं. त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, “चल.”

आम्ही माडीवर पोचलो तेव्हा माणसं दाटीवाटीने बसली होती. टेबलावर बाईंचा शाळेतला सत्काराचा फोटो, त्याला हार, पुढे ती मोडकी छत्री आणि उदबत्ती. रावसाहेब उभे राहून ठराव वाचत होते. “मंडळाच्या सन्माननीय सभासद यमुनाबाई यांच्या आकस्मिक निधनाने—”

“काय म्हणालात?” दारातून बाईंचा आवाज आला. “कोण सभासद?”

जो गोंधळ झाला तो झाला. नलू भिंतीला टेकली, कुणी रामनाम घेतलं. वसंता धावत आला आणि लहान मुलासारखा त्यांच्या कमरेला मिठी मारून रडायला लागला. बाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला बाजूला केलं आणि सरळ टेबलापाशी गेल्या. आधी त्यांनी आपली छत्री उचलली.

रावसाहेब सावरून खुर्चीत बसले. “बाई, देवाची कृपा. त्याचं असं आहे, आमच्या नियमात दुखवटा फक्त सभासदांचाच करता येतो. म्हणून कार्यकारिणीने तुम्हाला आज सकाळीच सभासद करून घेतलं.”

“जिवंतपणी वाती वळायच्या होत्या. मेल्यावर बाहेरच्या खोलीत जागा मिळाली होय?” बाईंनी कागद ओढून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. “आकस्मिक निधन. कशाने मेले मी? पाय घसरून? तुमच्या समजुतीने मला गोळी लागली ना? मग तसं लिहिलं का नाही?”

“ते राजकारण झालं असतं.”

मी बाईंना खूपदा रागावलेलं पाहिलं होतं. पण त्या वेळी त्यांचा आवाज चढला नाही, तो खाली आला. “रावसाहेब, मी सभासद आहे की नाही? सगळ्यांदेखत सांगा.”

आता नाही कसं म्हणणार? सगळ्यांसमोर वाचून झालं होतं. “आहात,” रावसाहेब म्हणाले.

“सभासदाला ठराव मांडता येतो?”

“येतो, पण—”

“मग मांडते. मी या मंडळात आले. इतके महिने ठरत नव्हतं, आत्ता ठरलं. माझं नाव घाला.” त्या लोकांकडे वळल्या. “डिलाईल रोडवर राहणारा सदा, वय वीस-बावीस, माझा विद्यार्थी, पोलिसांच्या गोळीने मेला. मी दोन रात्री त्याच्या आईजवळ बसून आलेय. तिच्या घरात अजून चूल पेटलेली नाही. जी मेली नाही तिच्यासाठी तुम्ही हार आणलात, उदबत्ती लावलीत. जो मेला त्याच्यासाठी दोन मिनिटं उभे राहा. एवढाच माझा ठराव.”

खोलीत कुणी हललं नाही. रावसाहेब म्हणाले, “हा ठराव नियमाबाहेरचा आहे. सभासदांनी बसून राहावं.” आणि ते स्वतः खुर्चीच्या पाठीला टेकून बसले. माणसं एकदा त्यांच्याकडे, एकदा पाटीकडे बघत होती. घरमालकाची भीती, पंख्याची, चहाची, दुपार घालवायची जागा जाईल याची भीती. इतक्या पावसाळ्यांची माणसं, पोरंबाळं वाढवलेली, आणि एका मेलेल्या पोरासाठी उठवत नव्हतं! मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात अण्णा उठले. त्यांना शब्दही ऐकू आला नव्हता. बाईंच्या हातात कागद दिसला, बाई उभ्या होत्या, एवढंच त्यांना पुरे होतं. नेहमीसारखे हात जोडून, मान खाली घालून ते उभे राहिले. कुणी हसलं नाही. त्यांच्या शेजारचा उठला. मग वसंता, मग मागच्या रांगा. खुर्च्या सरकल्याचा आवाज होत राहिला. शेवटी बसलेले एकटे रावसाहेब उरले.

पुढे चार वर्षं बाई रोज दुपारी मंडळात गेल्या. आतल्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. अण्णांच्या शेजारी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या, आणि अण्णा बहिरे म्हणून इतक्या मोठ्याने की रस्त्यावर ऐकू जाई. त्यामुळे पाटी भिंतीवर होती तशी राहिली आणि राजकारण रोज दुपारी व्हायला लागलं. दर महिन्याच्या सभेत बाईंचा एक तरी ठराव असायचाच. बहुतेक नापास व्हायचे. तरी त्या घरी यायच्या ते ताज्यातवान्या होऊन. मोडक्या छत्रीला नवं कापड लावून त्यांनी पुन्हा अख्खं नाव रंगवलं होतं.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते मंडळाच्या वर्धापनदिनी. महाराष्ट्र झाला होता, आणि पुढच्याच आठवड्यात मी लग्न होऊन नागपूरला जाणार होते. मंडळात त्या दिवशी पताका लावल्या होत्या आणि मनाईची पाटी गायब होती. कुणी, कधी काढली, कोण जाणे. रावसाहेबांचे गुडघे आता दुखत, म्हणून ते भाषण बसूनच करत. समोर बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. शेजारी जनाबाई, पदर घट्ट ओढून.

“त्या काळ्या दिवसांत,” रावसाहेब सांगत होते, “जिथे कुणी ब्र काढायला धजत नव्हतं, तिथे या मंडळाने हुतात्म्याला श्रद्धांजली वाहिली. आम्ही सारे एकदिलाने उभे राहिलो.” टाळ्या पडल्या. इतकं धडधडीत खोटं!

बाई उठल्या. टाळ्या आपोआप थांबल्या.

“सगळे नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बसला होतात, रावसाहेब.”

रावसाहेबांनी भाषणाचा कागद पुढे ओढला.

“ही सदाची आई आहे,” बाई म्हणाल्या. “आता उभे राहा.”

कुणी मध्ये पडलं नाही. बाई छत्रीवर दोन्ही हात ठेवून वाट बघत होत्या, वर्गात मूल उठेपर्यंत थांबावं तशा. त्यांना काही घाई नव्हती. जनाबाईने मान वर करून टेबलाकडे पाहिलं. रावसाहेबांनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि खुर्ची मागे सरकवली.